उजवीकडे माणूस

सकाळपासून ती बाई तेवीस वेळा ओरडली होती. रकियानं मोजायचं ठरवलं नव्हतं, पण कुसकुस वळताना हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात.

"सावधान! उजवीकडे अडथळा!"

बाई दिसायची नाही. ती नव्या ट्रकच्या केबिनमध्ये, आरशाखालच्या काळ्या डबीत राहायची. फ्रेंच बोलायची, आणि तेही अशा आवाजात, की साऱ्या बिऊग्रा गावानं मिळून तिची झोपमोड केली असावी. दर वेळी कोणी ना कोणी ट्रकच्या उजवीकडे धावत जायचं, आणि तिथे असायचं आर्गनच्या तेलबियांचं पोतं, नाहीतर कोंबडी, नाहीतर शेजारचं गाढव.

पोती तिथे रकियाच्या नवऱ्यानं, हाज इद्दरनंच मांडली होती. पहाटेच्या नमाजानंतर कोठारातून एकेक ओढत आणून, भिंतीपासून चाकापर्यंत ओळीनं सात पांढरी पोती. रकियानं कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "बियांना ऊन लागू दे." ऊन लागायला पोत्याचं तोंड सोडावं लागतं, हे चाळीस वर्षांच्या संसारात त्याला कळलं नसेल असं नाही.

"सावधान! उजवीकडे अडथळा!"

"चोवीस," लल्ला फादमा म्हणाली. हाजची ही थोरली बहीण पांढऱ्या मलहफेत डोक्यापासून टाचेपर्यंत गुंडाळून भिंतीपाशी बसली होती आणि दगडावर आर्गन फोडत होती. एक घाव बीवर, एक माणसांवर. "माझ्या भावाच्या गाडीत परकी बाई येऊन बसते, पोतं बघून किंचाळते, आणि त्याच्या बायकोला त्याचं काहीच नाही."

"बाई नाही लल्ला, यंत्र आहे ते."

"यंत्राला बाईचा आवाज कशाला लागतो? पुरुषाचा का नाही दिला?"

"पुरुषाचा दिला असता तर बाबांनी ऐकला नसता," ट्रकच्या पायरीवरून किल्तूम म्हणाली.

"आणि बाईचा ऐकतोय का?"

किल्तूम, रकियाची धाकटी लेक, एकतीस वर्षांची होती. मोठ्या गाड्यांचा परवाना खिशात असूनही दोन वर्षं ती वडिलांच्या शेजारच्या सीटवर बसून तांजाच्या बंदरापर्यंत जाऊन येत होती. चाक हातात मिळायचं ते फक्त गाडी धुवायला नेताना. तिचा नवरा अनस कासाब्लांकाचा, म्हणजे फादमाच्या हिशेबात समुद्रापलीकडचाच. गाड्यांना असले कॅमेरे बसवणं हेच त्याचं काम. चार कॅमेरे आणि उजव्या अंगाला पाच डोळे, वाटाण्याएवढे, त्यानं दोन दिवस खपून बसवले होते. एवढ्या उंच गाडीच्या दाराखाली कोणी उभं असलं तर चालवणाऱ्याला आरशातही दिसत नाही. गाडी उजवीकडे वळते, आणि सायकलवालं लेकरू, पाटीवाली बाई चाकाखाली जाते. ते दिसावं म्हणून हे डोळे.

फ्रान्समध्ये शिरणाऱ्या गाडीवर या आंधळ्या कोपऱ्यांची चिठ्ठीही चिकटवावी लागते. त्या चिठ्ठीवरून कालच एक भांडण होऊन गेलं होतं. वर काय लिहिलंय असं फादमानं विचारलं आणि अनसनं भाबडेपणानं खरं सांगितलं, "मेलेले कोपरे."

"मेलेले? नव्या गाडीवर? मारूफच्या आदल्या दिवशी?" फादमा सुरी घेऊन ती खरवडायला निघाली होती. शेवटी मशिदीतल्या फकीह सी तय्यबला बोलावून चिठ्ठीवर काहीतरी पुटपुटून घेतलं, तेव्हा कुठे सुरी स्वयंपाकघरात परत गेली.

आज शुक्रवार. नव्या गाडीचा मारूफ, म्हणजे बरकतीसाठी घातलेलं जेवण. बोकड कापून झाला होता, गल्ली जेवून गेली होती, दुआ मागून झाली होती. मागं उरली होती घरची माणसं, फकीह, आणि सोमवार. सोमवारी टोमॅटो भरून गाडी फ्रान्समधल्या पर्पिन्याँला निघायची होती, आणि ती कोण नेणार हे अजून कोणी बोललं नव्हतं. हाजच्या मते त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच.

रकियाला मात्र एक गोष्ट वर्षभर ठाऊक होती.

हाजचा उजवा डोळा गेला होता. पुरता नाही. दुधाच्या भांड्यात बघावं तसं दिसायचं त्याला त्या बाजूनं. गेल्या वर्षी रमजानच्या आधी पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं. घरातला मोठा माणूस चहा ओततो तसा तोही ओतायचा, किटली खांद्याएवढी उंच, धार तारेसारखी. त्या दिवशी धार उजव्या बाजूच्या ग्लासाच्या बाहेर पडली, तबकावर, आणि तो ओततच राहिला. त्यानंतर रकिया तबक मांडायची ते सारे ग्लास डावीकडे करून. धार कुठे पडतेय हे बघून ती बोटानं ग्लास तिच्याखाली सरकवायची, आणि लोक म्हणायचे, हाजचा हात बघा, अजून थरथरत नाही.

त्यानं तिच्याकडून कुराणाची शपथ घेतली होती, कोणाला सांगायचं नाही. तिनं शपथ पाळली होती. पण तो फ्रान्सला गेला की तिला रोज एकच स्वप्न पडायचं. कुठल्यातरी परक्या गावातलं एक वळण, आणि वळणाच्या उजव्या कडेला एक लाल सायकल. नुसती सायकल.

*

वाद पेटला तो महजूबनं तोंड उघडल्यावर. हा थोरला मुलगा, गाड्यांचं सगळं कामकाज बघणारा, कानाला फोन लावूनच जन्मला होता असं फादमा म्हणायची.

"बाबा, निर्यातवाल्यांचं म्हणणं आहे, कॅमेरे असलेल्या गाड्यांना आधी माल."

"त्यांना सांग, माझ्या गाडीत माझे दोन डोळे आहेत."

रकियानं ताटातला भोपळा उगाच इकडून तिकडे केला.

"यंत्र तुमच्याविरुद्ध नाही हाज," अनस म्हणाला. "मदतीला आहे."

"मदतीला? सकाळपासून सात पोत्यांना घाबरलंय ते! जावईबापू, अशी बाई शेजारी बसवून मी दोन हजार किलोमीटर जाऊ? पहिल्या टोलनाक्यावरच मी उतरेन आणि गाडी तिला देईन."

फकीह हसला, महजूब हसला, फादमा तर मलहफेत तोंड खुपसून हसली. अनसचे कान लाल झाले. तो तडक केबिनमध्ये चढला, डबीच्या पोटात काहीतरी खुटखुट केली आणि खाली येऊन म्हणाला, "झालं. आता पोती, कोंबड्या, गाढवं, काही बोलणार नाही ती. फक्त माणूस दिसला तरच बोलेल."

"म्हणजे आता शहाणी झाली?"

"तुम्हीच परीक्षा घ्या."

हे बोलायला नको होतं. हाजचा चेहरा असा उजळला, की रकियाला लग्नाच्या आधीचा तो दांडगा पोरगा आठवला. तेव्हाही पैज म्हटली की तो असाच उठायचा.

"घेऊ की! मी वर बसतो. आरशांवर भरवसा माझा. तुम्ही खाली कुठेही उभे राहा. तुमच्या बाईच्या पडद्यावर फडकं टाका, तिला गप्प करा. आधी मी सांगणार, मग ती. फकीह वर माझ्या शेजारी बसतील, साक्षीला. तीन डाव. मी जिंकलो तर ही सगळी वाटाण्याची माळ उतरवायची आणि सोमवारी मी जाणार."

"आणि हरलात तर?" किल्तूमनं विचारलं.

हाजनं लेकीकडे बघितलं, डाव्या डोळ्यानं, मान थोडी वळवून. अशी मान वळवणं रुबाबाचं दिसतं, असं लोक म्हणत.

"हरलो तर माळ राहील. आणि गाडी तू ने."

"बघ हं," फादमा म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलंय. फकीहनीपण."

"मी जेवत होतो," फकीह म्हणाला. "पण ऐकलं."

*

हात धुवायच्या निमित्तानं हाज स्वयंपाकघरात आला.

"जुनी गाणी येतात ना अजून?"

रकियाला लगेच कळलं, आणि कळू नये असं वाटलं. लग्नाआधी ती गच्चीवर आर्गन फोडत गायची आणि हा खालच्या वाटेनं जायचा. गाण्यातून तिनं त्याला सांगावं, बाप घरी आहे की बाजाराला गेलाय, भाऊ अंगणात आहे की मळ्यात. माणसांची नावं घ्यायची नाहीत, झाडांची घ्यायची. पुढे मुलं झाली तशी झाडं वाढली. महजूब म्हणजे बदाम. किल्तूम म्हणजे डाळिंब. पहाट म्हणजे डावी बाजू, सांज म्हणजे उजवी. विहीर मागे, उंबरा पुढे.

"तुम्ही दवाखान्यात जा," ती म्हणाली. "किल्तूमला नेऊ द्या यावेळी. एकदाच."

"सगळ्यांसमोर आंधळा ठरू? फादमासमोर?" तो टॉवेल शोधू लागला. टॉवेल उजवीकडच्या खिळ्याला होता. तिनं तो काढून त्याच्या हातात दिला. "रकिया, चाळीस वर्षं मी तुला काही मागितलं का?"

मागितलं होतं. बरंच काही. पण हे त्यानं अशा आवाजात मागितलं, की ती यादी तिला आठवेना.

"गाईन," ती म्हणाली.

आणि तिच्या मनात आलं, तो जिंकला तर मी हरले. तो हरला तर तो माझ्यासमोर पुन्हा मान वर करणार नाही. देवानं बाईला दोन डोळे दिले ते बहुतेक अशाचसाठी, एकानं नवऱ्याची लाज राखायला, दुसऱ्यानं रस्त्यावरच्या परक्या लेकराकडे बघायला.

*

हाज केबिनमध्ये चढला. फकीह पलीकडच्या सीटवर मांडी घालून बसला, हातात बदाम-मधाच्या अम्लूची वाटी आणि पावाचा तुकडा. काळ्या डबीवर फडकं पडलं. हाजनं फेट्याचं टोक डोळ्यांवर ओढलं, खाली माणसांनी जागा बदलल्या, आणि किल्तूम ओरडली, "बाबा, बघा!"

भिंतीपाशी बसलेल्या रकियानं दगड उचलला. टक्. टक्. आणि गळा सोडला.

*बदामाच्या गं फांदीला दाट लागला मोहर,*
*सांज झाली विहिरीशी, कोण भरील घागर?*

हाजनं उगाच दोन्ही आरशांत बघितल्यासारखं केलं. मान हलवली. दाढी खाजवली. नट होता तो मुळातच.

"मागच्या चाकापाशी. उजवीकडे. महजूब आहे. आणि फोन कानाला आहे!"

महजूबनं दचकून फोन खाली घेतला. फकीहनं फडकं उचललं, पडद्यावर चित्र बघितलं आणि जाहीर केलं, "बरोबर. यंत्रही म्हणतंय, माणूस."

"नुसता माणूस?" हाज खिडकीतून बाहेर वाकला. "मी नाव सांगितलं! फोन सांगितला! हिला नुसता माणूस?"

दुसऱ्या डावात किल्तूम स्वतः ट्रकच्या नाकासमोर उभी राहिली, बोनेटच्या इतकी जवळ, की वरून तिचा केसही दिसू नये.

*डाळिंबाचं फूल माझं उंबऱ्यात गं अडलं,*
*आत पाऊल टाकीना, कोणी नाव त्याचं काढलं?*

"समोर! किल्तूम!"

"हे शक्य नाही," अनस पुटपुटला. त्याच्याशी सगळे अरबीत बोलत, गाण्यातली इथली भाषा त्याला येत नव्हती. सासूबाई काम करता करता गातात, एवढंच त्याला कळत होतं. महजूबला भाषा येत होती, पण गाण्यांकडे त्यानं जन्मात लक्ष दिलं नव्हतं.

लल्ला फादमाला मात्र दोन्ही होतं, भाषा आणि कान. तरुणपणी अहवाशच्या नाचगाण्याच्या रिंगणात समोरच्या गावच्या बायकांना ओळीला ओळ देऊन गप्प करणारी ती. तिचा दगड हवेत थांबला. तिनं रकियाकडे बघितलं, ट्रककडे बघितलं, पुन्हा रकियाकडे बघितलं.

"बदाम," ती अगदी हळू म्हणाली. "डाळिंब. हं."

"काय झालं लल्ला?" रकियानं विचारलं.

"काही नाही. गुडघा धरलाय. जरा पाय मोकळे करून येते."

रकियाचं लक्ष केबिनकडे होतं. फादमा उठून कुठे गेली हे तिनं बघितलं नाही. आणि फादमा गेली होती हे बघायला, की ही माझ्या घरात आलेली पोर मला कुठलं झाड म्हणते. अनसच्या पाठीमागून ती गेली, पोत्यांच्या ओळीच्या शेवटी, पुढच्या उजव्या चाकाला टेकून बसली, आणि मलहफ डोक्यावरून पुढे ओढून कान टवकारले. सात पोत्यांची आठ झाली.

तिसरा डाव. किल्तूमनं भावाला डावीकडे उभं केलं. उजवीकडे कोणी नाही. हाच तिचा सापळा होता. रकियाला वाटलं, एकदाचं संपू दे.

*बदामाच्या झाडाखाली पहाटेचं गार पाणी,*
*सांज रिकामी रिकामी, तिला सांगाती ना कोणी.*

"डावीकडे महजूब! आणि उजवीकडे कोणीही नाही! फसवता मला?"

फकीहनं फडकं उचललं. "यंत्रही म्हणतंय, उजवीकडे कोणी नाही. तीन डाव झाले. हाज जिंकले, यंत्र बरोबरीत आलं, पण हाजनी नावं सांगितली, म्हणून हाज अधिक जिंकले."

महजूबनं डोकं धरलं. पायरीवरचं आपलं जाकीट उचलून किल्तूमनं खांद्यावर टाकलं, आणि ते बघून रकियाच्या हातातला दगड जड झाला.

"आता बघा!" वरून हाज गरजला. "अनस, बोलू दे तुझ्या बाईला, तिलाही बघू दे! या फाटकातून गाडी एका वळणात कशी काढतात ते दाखवतो!"

इंजिन सुरू झालं. फाटक उजवीकडे होतं. बाई गप्प होती. तिला पोती दिसत होती, आणि पोत्यांबद्दल बोलायचं नाही हे तिला दुपारीच बजावलं होतं. आरशात हाजला ओळ दिसत होती, पांढरी, धूसर, दुधातली.

रकियानंही ती ओळ बघितली. सकाळी सात होती. तिनं पुन्हा मोजली. मग आठव्या पोत्यातून एक हात बाहेर आला आणि त्यानं नाकावरची माशी हाकलली.

चाक फिरलं.

रकिया उठली कधी, धावली कधी, तिला नंतर आठवलं नाही. गाणं सुचलं नाही. झाड सुचलं नाही. चाळीस वर्षं ती त्याला "घरधनी" म्हणत आली होती, "मुलांचे बाबा" म्हणत आली होती, मक्केहून आल्यावर "हाज". ते सगळं गळून पडलं आणि आत जे होतं ते बाहेर आलं.

"इद्दर! इद्दर, थांब!"

ट्रकनं मोठा सुस्कारा टाकला आणि जागच्या जागी खिळला. फकीहची अम्लूची वाटी काचेवर आपटली.

मग पुढच्या उजव्या चाकापाशी मलहफ हलली, आणि आतून लल्ला फादमाचं तोंड बाहेर आलं, संतापानं लाल.

"रकिया! तू हाजचं नाव घेतलंस?"

"लल्ला, आधी उठा तिथून."

"साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं! आणि वर 'थांब'! 'थांबा' नाही, 'थांब'!"

"लल्ला, तुमच्या पाठीशी चाक आहे."

फादमानं मान वळवली. मघाशी टेकायला होतं ते चाक आता तिरकं झालं होतं, आणि तिच्या मांडीत नि त्याच्यात वीतभर जागा होती.

"या अल्ला, या लतीफ," ती म्हणाली. "हे कधी आलं?"

*

त्यानंतर सगळ्यांनी एकमेकांना दोष दिला. महजूबनं अनसला. अनसनं त्या खुटखुटीला. पोत्यांसाठी बाईचं तोंड बंद केलं नसतं तर ती बोलली असती, आणि पांढऱ्या कापडात गुंडाळून जमिनीवर बसलेला माणूस तिनं आजवर बघितलाच नव्हता. फकीहनं नशिबाला. आणि फादमानं सगळ्यांना.

"मी पोतं? मी? या घरात मी दिसले नाही असं आजवर कधी झालंय?"

"कधीच नाही लल्ला," महजूब म्हणाला. "आम्ही कितीदा दुआ मागितली."

पण एका गोष्टीवर सगळ्यांचं हळूहळू एकमत होऊ लागलं, आणि ते रकियाला दिसत होतं, शिवणीचा दोरा उसवत जावा तसं. हाजची काही चूक नाही. यंत्राला दिसली नाही ती माणसाला कुठून दिसणार. "सीटवर मी असते तर मलाही नसती दिसली," किल्तूमसुद्धा म्हणाली. पैज पैज होती. किल्ली हाजच्या मुठीत होती. तो पायरीवर बसला होता, ओठ पांढरे, आणि त्यानं एकदाच रकियाकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती: सुटलोय, सुटू दे.

रकिया आत गेली. पुदिना धुतला. साखरेच्या सुळक्याचा तुकडा पाडला. चहा उकळला. आणि तबक मांडताना तिनं सहाच्या सहा ग्लास उजवीकडे मांडले.

अंगणात चटईवर तिनं ते हाजच्या पुढ्यात ठेवलं. समोर बसली. दोन्ही हात मांडीत घेतले.

हाजनं किटली उचलली. खांद्याएवढी वर नेली. आणि थांबला. तो तिच्या बोटांची वाट बघत होता, ग्लास सरकल्याच्या त्या बारीक आवाजाची. आवाज आला नाही. त्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं नजर हटवली नाही. त्यात राग नव्हता. ओतला असता तर चहाच सांडला असता. सगळे हसले असते, आणि गोष्ट तिथेच बुडाली असती. ओतायचं की नाही हे तिनं त्याच्यावर सोडलं होतं.

किटली हळूहळू खाली आली.

"किल्तूम," हाज म्हणाला. "इकडे ये. चहा तू ओत."

"मी? तुम्ही बसलेले असताना?"

"मला उजवीकडचे ग्लास दिसत नाहीत." त्यानं घसा खाकरला. "वर्ष झालं."

"तेरा महिने," रकिया म्हणाली.

महजूबच्या हातातला फोन वाजत राहिला आणि त्यानं तो पहिल्यांदाच उचलला नाही. मघाशी रंगलेले सगळे चेहरे एकदम जुने, घाबरलेले दिसायला लागले. तोंड उघडलं ते फादमानंच.

"म्हणून ईदच्या दिवशी तू मला सोडून पाण्याच्या टाकीला सलाम केलास!"

"टाकीनं माझी खुशाली विचारली," हाज म्हणाला. "तू नव्हतीस विचारली."

आधी फकीह हसला, मग सगळेच. किल्तूम हसता हसता रडली, आणि तशीच ओतायला लागली, धार इतकी खाली धरली, की फादमा म्हणाली, "चहा ओततेयस की गाढवाला पाणी पाजतेयस?" हाजनं खिशातून किल्ली काढली आणि तबकावर, साखरेच्या शेजारी ठेवली. किल्तूमनं किटली खाली ठेवली तेव्हा तिचा हात किल्लीपाशी जरा जास्त वेळ रेंगाळला.

"अगादिरच्या दवाखान्यात पंधरा मिनिटांत होतं हे काम, हाज," अनस म्हणाला. "मोतीबिंदू काढतात, भिंग बसवतात. माझ्या आजीचंही केलं."

"पंधरा मिनिटं? आणि मी तेरा महिने भ्यालो?"

"मी पण," रकिया म्हणाली.

*

ऊन कलेपर्यंत अनस यंत्राला शिकवत होता. पोती पोती म्हणून बोलायची, माणसं माणूस म्हणून, आणि शंका आली तर गप्प बसण्यापेक्षा ओरडायचं. लल्ला फादमा पुढच्या चाकापाशी बसली, मग उठली, मग मागच्या चाकापाशी बसली, डोकं झाकून, डोकं उघडं टाकून, पाठमोरी. गाडी जागेवरच होती, किल्ली किल्तूमच्या खिशात.

"सावधान! उजवीकडे अडथळा!"

"पुन्हा शिकव त्या भवानीला."

खुटखुट.

"सावधान! उजवीकडे माणूस!"

"ऐकलंत?" फादमा मलहफेतून ओरडली. "माणूस! पुन्हा म्हणायला लाव."

भिंतीपाशी रकियानं आर्गनची टोपली पुढे ओढली. हाज येऊन शेजारी टेकला. नखानं जमीन उकरत राहिला.

"ते पुन्हा म्हण ना," तो म्हणाला.

"काय?"

"मघाशी म्हणालीस ते. ओरडून."

"लोक आहेत."

"मघाशी नव्हते?"

रकिया उठली. टोपली उचलली, दगड उचलला, त्याच्या डाव्या बाजूनं वळसा घालून ती उजव्या बाजूला आली आणि तिथे बसली, जिथे त्याला ती दिसत नव्हती. टक्. टक्.

*सांज नाही गं रिकामी, तिथे माझी आता जागा,*
*इद्दरच्या उजव्या खांद्याशी माझ्या मलहफेचा धागा.*

"आणि मी?" चाकापासून हाक आली. "मला कुठलं झाड दिलं होतंस ते सांगितलं नाहीस अजून! रकिया! निवडुंग ना? खरं सांग, निवडुंग ना?"

रकियानं दगड खाली ठेवला आणि शेजारच्या शेगडीवरच्या किटलीतून एक ग्लास भरला. हाज खुदखुदत होता, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. मग मान जराही न वळवता त्यानं उजवा हात बाजूला पसरला, आणि त्यात चहाचा गरम ग्लास आला.